आजीच्या विरजणाचा दाखला

दुधातल्या जिवाणूंची तपासणी हवी असा विषय निघाला की एक उत्तर हमखास येतं. आजीनं विरजण लावताना कुठल्या प्रयोगशाळेचा कागद पाहिला होता? कोमट दुधात चमचाभर दही कालवलं, वर झाकण ठेवलं, सकाळी घट्ट कवडी दही तयार. त्यावर चार पिढ्या पोसल्या, कोणाला काही झालं नाही. म्हणजे या जिवाणूंची परीक्षा काळानंच घेतली आहे आणि ते तिच्यात उतरले आहेत. मग आता प्रत्येक वाणाची वेगळी चाचणी, जनुकांचं वाचन, माणसांवरचे प्रयोग हा खटाटोप कशासाठी? हा सवाल बाजाराला विटलेली माणसं विचारतात, आणि बाजारही तो तितक्याच उत्साहानं वापरतो. ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द प्रोबायोटिकच्या जाहिरातीतही असतात आणि घरच्या अन्नाच्या कैवाऱ्यांच्या लेखांतही.

युक्तिवाद पोकळ नाही. त्यात जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करायला हवं.

जगभरचे अन्नविषयक नियम बऱ्याच अंशी याच पायावर उभे आहेत. अमेरिकेनं १९५८ मध्ये अन्नात मिसळायच्या पदार्थांविषयी कायदा केला, तेव्हा १ जानेवारी १९५८ च्या आधीपासून अन्नात सर्रास वापरल्या जाणाऱ्या गोष्टींना त्या वापराच्या आधारावर सुरक्षित मानण्याची वाट मोकळी ठेवली. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २००७ पासून सुरक्षित मानता येतील अशा सूक्ष्मजीवांची यादी ठेवायला सुरुवात केली. योगर्ट जमवणारे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस तिच्यात आहेत, आपल्या दह्यात नेहमी भेटणारा लॅक्टोकॉकस लॅक्टिसही आहे. आंतरराष्ट्रीय दुग्ध महासंघानं २०१२ साली आंबवलेल्या अन्नांतल्या सूक्ष्मजीवांची नोंद अद्ययावत केली, तिच्यात जिवाणूंच्या १९५ जाती होत्या. जुना वापर हा पुरावा आहे, हे शास्त्रानं कधी नाकारलेलं नाही.

पण पुरावा दाखल करून घेणं म्हणजे निकाल देणं नव्हे. युरोपच्या यादीत नाव येण्याआधी चार गोष्टी विचारल्या जातात: हा जीव नेमका कोण, त्याच्याविषयी माहिती किती, धोक्याची काही खूण आहे का, आणि तो वापरायचा कशासाठी. नाव आलं तरी प्रत्येक वाणापुरतं हे दाखवावंच लागतं की औषधांना दाद न देणारं आणि दुसऱ्या जिवाणूला देता येईल असं जनुक त्याच्यात नाही. एंटरोकॉकस फेशियम हा जिवाणू भूमध्य समुद्राकाठच्या चीजांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. तरीही तो या यादीबाहेर राहिला, कारण त्याचेच काही भाऊबंद रुग्णालयांत व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे संसर्ग घडवतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर तिथे पुरला नाही.

या दाखल्याची सगळ्यात अवघड परीक्षा मात्र पूर्व आफ्रिकेत झाली, आणि ती गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. केनिया आणि सोमालियातले पशुपालक सांडणीचं कच्चं दूध धुरी दिलेल्या भोपळ्याच्या भांड्यात ठेवतात. विरजण लावत नाहीत. दूध एक-दोन दिवसांत आपसूक आंबतं. त्याला सूसाक म्हणतात. जिथे फ्रिज नाही आणि पाण्याचीही मारामार आहे, तिथे हे आंबट दूध पोटभरीचं अन्न असतं आणि दूध टिकवण्याचा एकमेव मार्गही. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातले क्रिस्टॉफ यान्स आणि त्यांचे सहकारी यांनी अशा दुधाचे नमुने तपासले. त्यांत सगळ्यात जास्त माजलेला जिवाणू योगर्टवाला नव्हता. तो होता स्ट्रेप्टोकॉकस इन्फँटेरियस.

हा ज्या गोतावळ्यातला आहे तो स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिसचा गट डॉक्टरांच्या ओळखीचा आहे, आणि ती ओळख चांगली नाही. रक्तातला संसर्ग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग यांत तो सापडतो. त्यातल्या काही सदस्यांचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंध आढळला आहे. त्यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अजून नक्की ठरलेलं नाही.

आता आजीचा दाखला इथे लावून पाहावा. सूसाक पिणारा माणूस दुसऱ्या दिवशी उठून उंटांमागे चालू लागतो. कोणाला काही झालेलं दिसत नाही. पण जो आजार उमटायला वीस वर्षं घेतो आणि उमटला तरी दूरच्या शहरातल्या रुग्णालयातच ओळखू येतो, त्याची नोंद परंपरेनं कुठे ठेवायची? परंपरेच्या लक्षात राहतं ते त्याच रात्री झालेलं: उलटी, जुलाब, ताप. विषबाधेचं अन्न ती बाजूला टाकते, आणि हे तिचं मोठंच काम आहे. हजारात एकाला, तेही उतारवयात होणारी इजा तिच्या नजरेला पडत नाही. ‘कोणाला काही झालं नाही’ या वाक्यात मोजणारा कोणीच नसतो.

यान्स यांचा गट तिथे थांबला नाही. त्यांनी सूसाकमधला सीजे१८ हा वाण घेऊन त्याचा सबंध जनुकसंच वाचला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या वाचनातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. दुधातली साखर आत घेऊन फोडण्याची जनुकं या वाणानं थेट योगर्टच्या थर्मोफिलसकडून उचललेली होती. त्याच्या बदनाम नातलगांच्या अंगी असणारी, रोग घडवायला उपयोगी पडणारी बरीच जनुकं त्याच्यात नव्हती. दुधाच्या भांड्यात राहून राहून हा जिवाणू माणसाळत चालला होता. तरीही संशोधकांनी त्याला लगेच निर्दोष ठरवलं नाही. सुरक्षिततेची आणखी तपासणी हवी, अशी नोंद त्यांनी केली. सूसाकवर बंदी घाला असं कोणी म्हटलं नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या पितात म्हणजे ठीकच असणार असंही म्हटलं नाही. एवढ्या नेमकेपणानं बोलता आलं ते तपासणीमुळेच.

दाखल्यात दुसरीही एक खोट आहे. तो ज्या खाणाऱ्याच्या नावे लिहिलेला आहे, तो खाणारा बदलला. चीजचंच उदाहरण घ्यावं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये नैराश्यावरची नवी औषधं घेणाऱ्या काही रुग्णांना अचानक असह्य डोकेदुखी होऊ लागली, रक्तदाब उसळू लागला. काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरनं १९६३ मध्ये दुवा जुळवला: झटका येण्याआधी या रुग्णांनी चीज खाल्लं होतं. चीज मुरत असताना काही जिवाणू प्रथिनांतल्या टायरोसिनपासून टायरामिन बनवतात. धडधाकट माणसाच्या आतड्यातलं आणि यकृतातलं एक एंझाइम ते निकामी करतं. नवं औषध नेमकं त्याच एंझाइमला बंद पाडत होतं. चीजला कित्येक शतकांचा निष्कलंक इतिहास होता, पण त्या इतिहासात हे औषध घेणारा माणूस नव्हता.

तेव्हापासून वाण निवडताना टायरामिन आणि त्याच्याच वर्गातलं हिस्टामिन बनवणारी जनुकं शोधली जातात. थर्मोफिलससारख्या निर्धोक म्हणून नावाजलेल्या जातीच्याही काही वाणांत हिस्टामिनचं जनुक सापडलं आहे. आजीच्या स्वयंपाकघरात किमोथेरपी चालू असलेला, मूत्रपिंड बदललेला किंवा सातव्या महिन्यात जन्मून काचेच्या पेटीत वाढलेला कोणी जेवायला नसे. आज पुण्या-मुंबईच्या कुठल्याही इमारतीत अशी माणसं आहेत, आणि ती जगली याचा आनंदच आहे. त्यांच्या ताटाचा दाखला जुना इतिहास देऊ शकत नाही.

प्रतिजैविकांचंही तसंच. ती सर्रास वापरात आली १९४० च्या दशकात. त्याआधीच्या सगळ्या शतकांना औषधरोधाविषयी बोलण्यासारखं काही नव्हतंच. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कच्च्या दुधाच्या चीजमधून मिळालेल्या एका लॅक्टोकॉकस लॅक्टिसची नोंद आली. त्याच्याजवळ एक प्लाझ्मिड होता; प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटं कडं, जे जिवाणू एकमेकांना देऊ शकतात. त्या एका कड्यावर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या तिन्ही औषधांना न जुमानण्याची सोय होती. जात तीच, जी आपल्या दह्यात असते आणि प्रत्येक यादीत निर्धास्तपणे सुरक्षित लिहिलेली असते.

अशा वाणाचं करायचं काय, याचंही उत्तर सापडलेलं आहे. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचा एक वाण जगभर विकला जात होता. त्याच्यात टेट्रासायक्लिन आणि लिंकोमायसिन यांना न जुमानणारी जनुकं दोन प्लाझ्मिडांवर आढळली. मग ते दोन्ही प्लाझ्मिड काढून टाकून त्याच्यापासून नवा वाण तयार केला गेला, जुन्याचे गुण नव्यात टिकले की नाही ते पाहिलं गेलं, आणि डीएसएम १७९३८ या क्रमांकानं तो वापरात आला. हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. परंपरेवर भरवसा ठेवून बसलेल्याला ते दोन प्लाझ्मिड कधी दिसलेच नसते.

तपासणी म्हणजे निव्वळ दोष काढणं, हा ग्रहही इथे मोडायला हवा. खोट्या आरोपातून सोडवते तीही तपासणीच. स्ट्रेप्टोकॉकस या आडनावाच्या घराण्यात न्यूमोनिया करणारा आहे, आणि घसा धरून पुढे मुलांच्या हृदयाच्या झडपा खराब करणाराही आहे. त्याच घराण्यातला थर्मोफिलस माणसं रोज वाटीभर खातात. २००४ मध्ये त्याच्या दोन वाणांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले, प्रत्येकी सुमारे १८ लाख अक्षरांचे. त्यांतली साधारण एक दशांश जनुकं मोडकी निघाली. भाऊबंद ज्यांच्या बळावर शरीराला चिकटतात आणि आत शिरतात, त्यांतली बरीच एक तर नाहीशी झाली होती किंवा निकामी पडली होती. दुधातल्या आयत्या जेवणावर राहणाऱ्याला ती हत्यारं लागत नव्हती.

व्हँकोमायसिनचा मुद्दाही असाच आहे. लॅक्टोबॅसिलस ऱ्हाम्नोसस किंवा प्लांटारमवर हे औषध चालत नाही. नुसता एवढा अहवाल वाचणाऱ्याची झोप उडेल. पण हे औषध पेशीभित्तीच्या ज्या टोकाला चिकटतं ते टोकच या जातींत वेगळं असतं. तिथे ॲलॅनिनच्या जागी लॅक्टेट असतं. ही त्यांची जन्मजात घडण आहे, प्लाझ्मिडवरची उसनवारी नव्हे, म्हणून ती शेजाऱ्याला वाटता येत नाही. रॉयटेरीचा औषधरोध आणि ऱ्हाम्नोससचा औषधरोध कागदावर सारखेच दिसतात. एकावर उपाय करावा लागला, दुसऱ्याला सोडून देता आलं. हा भेद चवीनं, वासानं किंवा शंभर वर्षं खाऊन कळणारा नाही.

वाण हा शब्द इथे मुद्दाम पुन्हा पुन्हा येतो आहे. शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. रब्बीची ज्वारी म्हटल्यावर तो मालदांडी की दुसरी कुठली, हे आधी विचारतो. नुसत्या ‘ज्वारी’ या शब्दावर कोणी पेरणी करत नाही. जिवाणूंच्या बाबतीत मात्र शिकलीसवरली माणसंही जातीच्या नावावर थांबतात. ई. कोलाय ही एकच जात. आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरांनी १९१७ मध्ये एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा काढलेला तिचा वाण आजही औषध म्हणून दिला जातो. १९८२ मध्ये अमेरिकेत हॅम्बर्गर खाऊन आजारी पडलेल्यांत ओळखला गेलेला ओ१५७:एच७ हा तिचाच वाण मुलांची मूत्रपिंडं निकामी करतो. आणि जातींची नावं तरी कुठे स्थिर आहेत? २०२० मध्ये एकट्या लॅक्टोबॅसिलस या प्रजातीचे २५ तुकडे झाले. पाकिटावरचा लॅक्टोबॅसिलस केसाय एका रात्रीत लॅक्टिकेसिबॅसिलस झाला. आतला वाण होता तोच राहिला.

इतिहासाच्या नावानं होणारी सगळ्यात मोठी गल्लत पुढे आहे. दही खाण्याचा इतिहास दह्याचा असतो. दह्यातून एक जिवाणू वेचून, टाकीत वाढवून, वाळवून कोट्यवधींच्या संख्येनं कॅप्सूलमध्ये भरला, की तो इतिहास मागे राहतो. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या रुग्णांवर एक चाचणी झाली. सहा वाणांचं मिश्रण नळीतून थेट आतड्यात दिलं गेलं. त्यानं संसर्ग टळतील अशी आशा होती. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. जिवाणू मिळालेल्या १५२ रुग्णांपैकी २४ दगावले, न मिळालेल्या १४४ पैकी ९. पहिल्या गटात ९ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला होता, दुसऱ्या गटात एकाच्याही नाही. हे जिवाणू ‘चांगले’ म्हणूनच निवडलेले होते.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं डॉक्टरांना सावध केलं. मुदतीआधी जन्मलेलं एक बाळ रक्तातल्या संसर्गानं गेलं होतं, आणि रक्तातला बायफिडोबॅक्टेरियम लाँगम त्याला दिलेल्या प्रोबायोटिकमधलाच होता, हे जनुकांच्या जुळणीवरून कळलं. अशा बाळांना आतड्याच्या एका जीवघेण्या आजारापासून प्रोबायोटिक वाचवतात असं दाखवणारे अभ्यास आहेत, म्हणून त्या इशाऱ्यावर अनेक नवजात-तज्ज्ञांनी हरकत घेतली. ती रास्त होती. पण तो वाद तरी कशाविषयी होता? कोणता वाण, किती शुद्ध, कोणत्या बाळाला. हजारो वर्षांच्या दह्याचा तिथे कोणाला उपयोग नव्हता.

उलट, दह्यावर येणारा ठपका कधी कधी दह्याचा नसतोच. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये हेझलनटच्या स्वादाचं योगर्ट खाऊन २७ जणांना बोट्युलिझम ही विषबाधा झाली, त्यात एक मृत्यू. योगर्टच्या जिवाणूंनी आपलं काम चोख केलं होतं. पण योगर्टमध्ये मिसळलेल्या हेझलनटच्या मिश्रणात साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरली होती, आणि त्याला पुरेशी उष्णता दिलेली नव्हती. विष डब्यातच तयार होऊन आलं होतं.

सुरक्षिततेपुरतं इतकं पुरे. उपयोगाच्या बाबतीत तर इतिहासाचा दाखला आणखी दुबळा आहे, कारण तिथे भर पडते ती हौसेची. स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं १९०५ मध्ये जिनिव्हात आपल्या देशातल्या दह्याचा जिवाणू वेगळा काढला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले इल्या मेचनिकॉव्ह यांनी त्यावर एक मोठी कल्पना उभारली: आतड्यात सडवणारे जंतू म्हातारपण आणतात, आंबट दूध त्यांना आवरतं, आणि म्हणून बल्गेरियातले खेडूत दीर्घायुषी होतात. मेचनिकॉव्ह यांना १९०८ चं नोबेल मिळालं होतं ते रोगप्रतिकारशक्तीच्या संशोधनाबद्दल. दह्याच्या कल्पनेला त्या नावाचं वजन आपोआप मिळालं आणि युरोपभर आंबट दुधाची लाट आली. १९२१ मध्ये येल विद्यापीठातले रेटगर आणि चेप्लिन यांनी दाखवलं की बल्गेरिकस माणसाच्या आतड्यात वस्तीच करत नाही. दीर्घायुष्याचा डोलारा ज्या खांबावर होता तो खांब गेला.

तरीही बल्गेरिकस उपयोगाचा निघाला, आणि इथे आजीची बाजू खरी ठरते. दूध सोसत नाही पण दही-ताक चालतं, असं सांगणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. दुधातली साखर पचवणारं एंझाइम मोठेपणी अनेकांत कमी होतं. योगर्टचे जिवाणू ते एंझाइम स्वतःबरोबर आतड्यात नेतात आणि तिथे साखर फोडून देतात. वस्ती करण्याची गरजच नसते. श्वासातला हायड्रोजन मोजून १९८४ मध्ये हे दाखवलं गेलं. युरोपच्या प्राधिकरणानं योगर्टच्या जिवंत जिवाणूंविषयीचा हा दावा २०१० मध्ये मान्य केला, अटीसकट: दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. ‘प्रतिकारशक्ती वाढवतं’, ‘पचन सुधारतं’ अशा ऐसपैस दाव्यांना तिथे एकामागून एक नकार मिळाला. घरोघरच्या अनुभवातलं जे तपासण्याजोगं होतं ते तपासणीत टिकलं. पण या अटीचा दुसरा अर्थही लक्षात घ्यायला हवा: विरजल्यानंतर उष्णता देऊन टिकाऊ केलेल्या पदार्थाला हा दावा करता येत नाही, त्याच्या डब्यावर आजीचं चित्र असलं तरी.

आणि उपयोग म्हणजे फक्त पोटाचा उपयोग असंही नाही. दूध जमवणाऱ्यांचे हिशेब वेगळे असतात. काही वाण साखरेचे लांब धागे तयार करतात. चमचा उचलला की तार सुटते. आपल्याकडे असं दही बिघडलं म्हणून बाजूला जातं, फिनलंडमध्ये विली नावाचं दूध तारेचंच हवं असतं. हेच धागे पाणी धरून ठेवतात, म्हणून चक्का टांगणाऱ्याला तो वाण नकोसा आणि पाणी न सुटणारं कपातलं दही विकणाऱ्याला हवासा. न्यूझीलंडमधले शास्त्रज्ञ व्हाइटहेड यांनी १९३३ मध्ये नोंदवलं की दुधातले काही जिवाणू सोबतच्या जिवाणूंची वाढ रोखणारा पदार्थ सोडतात. त्या घराण्यातल्या पदार्थाला १९४७ मध्ये निसिन हे नाव मिळालं, आणि पुढे तो जगभर चीज टिकवायला वापरात आला. मुरण्यासाठी इतर जिवाणूंची सोबत लागणाऱ्या चीजमध्ये हाच गुण घात करतो. १९३३ च्या त्या नोंदीनंतर दोन वर्षांनी त्याच व्हाइटहेड यांनी सहकारी कॉक्स यांच्याबरोबर दाखवलं की विरजण अचानक मान टाकतं त्यामागे जिवाणूंना मारणारे विषाणू असतात. २००७ मध्ये थर्मोफिलसचे काही वाण अशा विषाणूंची ओळख आपल्या डीएनएत कशी लिहून ठेवतात हे उलगडलं. या यंत्रणेचं क्रिस्पर हे नाव घरोघरी पोचलं त्यामागे दह्याच्या टाकीतली ही अडचण सोडवण्याची धडपडही आहे.

उरतो खर्चाचा मुद्दा, आणि तपासणीच्या विरोधकांचा हा सगळ्यात प्रामाणिक मुद्दा आहे. तपासण्या महाग झाल्या तर गावची डेअरी मरेल आणि मोठी कंपनी उरेल, ही भीती खरी आहे. पण घरच्या सटातल्या दह्याला दाखला मागतो आहे कोण? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वं प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नासाठी आहेत: वाणाची नेमकी ओळख, औषधरोधाची चाचणी, सुरक्षितता, मग माणसांमधला परिणाम. एक वाण वेगळा काढून लाखो घरांत पाठवायचा किंवा त्याच्या नावानं आरोग्याचा दावा करायचा, तिथे ही जबाबदारी सुरू होते.

शिवाय तपासणी नसल्यानं छोट्यांचं भलं होतं, हे वस्तुस्थितीला धरून नाही. आज दह्याचं कल्चर पाकिटातून येतं आणि ती बाजारपेठ मूठभर बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती आहे. त्यातली एक जुनी कंपनी १८७४ मध्ये कोपनहेगनला सुरू झाली आणि २०२४ मध्ये दुसऱ्या बड्या कंपनीत मिसळून आणखी मोठी झाली. त्यांचं बळ त्यांच्या तपासलेल्या, नोंदलेल्या वाणांच्या संग्रहात आहे. त्याला तोड द्यायची तर सार्वजनिक पैशानं तपासलेले वाण हवेत, जे कोल्हापूरच्या किंवा नगरच्या एखाद्या छोट्या दूध संस्थेला परवडणाऱ्या दरात मिळतील. साधनं आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत दुग्ध-जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही पुण्यातच. एका जिवाणूचा जनुकसंच वाचणं आता विद्यापीठाच्या विभागाच्याही आवाक्यात आलं आहे. एखाद्या खेड्यातल्या विरजणातला चांगला वाण या संग्रहात क्रमांकासह जमा झाला, तर तो त्या खेड्याचा म्हणून ओळखला जाईल. जमा न झालेला वाण उद्या कुणीही उचलून आपल्या नावावर लावू शकेल. परंपरेची खरी काळजी असणाऱ्यांनी तपासणीला विरोध करण्याऐवजी तिच्यासाठी सरकारकडे हट्ट धरायला हवा.

मार्च २०२३ मध्ये दह्याच्या पिशवीवरून देशात वाद पेटला होता. पिशवीवर ‘दही’ हा शब्द ठळक असावा आणि प्रादेशिक नाव कंसात, अशी सूचना भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं काढली. तमिळनाडू आणि कर्नाटकातून जोरदार विरोध झाला, आणि काही दिवसांत सूचना बदलून ‘तयिर’, ‘मोसरु’ वगैरे नावांना मोकळीक मिळाली. आपल्या भाषेतलं नाव हवं हा आग्रह रास्तच होता. त्याच पिशवीच्या मागे घटकांच्या ओळीत बहुधा एवढंच असतं: पाश्चराइज्ड टोन्ड दूध, अ‍ॅक्टिव्ह कल्चर. कोणतं कल्चर, हे त्या वादात कोणत्याच बाजूनं विचारलं नाही. जिवाणूची जात, वाणाचा क्रमांक आणि मुदत संपण्याच्या दिवशी जिवंत राहणारी संख्या छापायला त्या पिशवीवर दीड ओळ पुरेल.